चौदा नंबर

तिकीट तीन पौंड. पोरांना फुकट. कुत्र्याला दोरी हवीच.
फाटकापाशी आम्ही अकरा जण
आणि नेरिस पॅरी, वय चौऱ्याहत्तर,
हातात हेझलची काठी,
टेकायला नव्हे, झाडं दाखवायला.

"पाऊस येईल," ती म्हणाली,
"पण वेल्समध्ये ही काही बातमी नव्हे."

पहिलं झाड रेडवूडचं. "मारा बुक्की, लागत नाही."
श्रूस्बरीहून आलेल्या गृहस्थाने
आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मारली.
साल उशीसारखी दबली.
क्षणभर तो दहा वर्षांचा झाला,
मग चष्मा सावरून पुन्हा आपल्या वयाचा.

प्रत्येक खोडावर जस्ताचा बिल्ला:
लॅटिन नाव, कुठून आणलं, कुठल्या साली.
गिंको तर दीडशे वर्षं झाली,
अजून त्या नावाला ओ देत नाही.

सातव्यापाशी तिने पत्र वाचून दाखवलं,
प्लॅस्टिकच्या पाकिटातली नक्कल,
बिया गोळा करणाऱ्याने दूरच्या डोंगरातून
मालकाला लिहिलेलं:
नदीला पूर होता.
दोन पेटारे वाहून गेले, एका हमालासकट.
पुढे अर्धं पान पेटाऱ्यांतल्या मालाची यादी,
पाइनच्या बिया, मॅग्नोलिया, लिलीचे तीन जातींचे कंद,
मोजून, वजनासह.
"आणि हमालाचं नाव?"
स्वान्सीच्या बहिणींपैकी धाकटीने विचारलं.
नेरिसने कागद उलटा करून दाखवला.
मागची बाजू कोरी.

ऱ्होडोडेंड्रॉनच्या बोगद्यात चिखल. कुणाचा तरी बूट रुतला.
नकाशा ओवाइनकडे, वय साडेआठ.
"तेरा झालं, आता चौदा!"
तो पळत पुढे गेला आणि थांबला.
"इथे तर काहीच नाही."

होतं. लाकडाच्या भुशाचं एक वर्तुळ,
चार माणसं पाय पसरून झोपतील एवढं.
"चौदा," नेरिस म्हणाली, "लेबनॉनचा सीडर.
फेब्रुवारीच्या वादळात पडला.
पत्रकं मात्र दोन हजार छापून ठेवलीत.
ती संपेपर्यंत तो इथेच आहे.
वर बघा."
आणि आम्ही खरंच बघितलं,
अकरा हनुवट्या आभाळाकडे.
ती काठीने दाखवत गेली:
ही फांदी आडवी, माडीसारखी,
हिच्यावर बर्फ साचायचं,
इथे घुबडाची ढोली, नाही, जरा डावीकडे.
डावीकडे बघताना माझी मान अवघडली.
भुशाला वास होता
पेन्सिलीला टोक करताना येतो तसा.

तेव्हा एम्लिन,
सकाळपासून सगळ्यांच्या मागे राहिलेला,
ज्याच्या कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारायचं,
म्हणाला, "करवतीवर मी होतो."

दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी साखळी तुटली.
त्याने खिशातून रुमाल काढला,
रुमालातून एक लोखंडी कडी.
"सगळ्यात खालच्या फांदीत. सालीपासून वीतभर आत.
वरची वलयं मोजली मी. एकशे चार."
कडीची एक बाजू
दोरीने घासून घासून पातळ झालेली.
"झोक्याची," थोरली बहीण लगेच म्हणाली.

"मालकाला मूलबाळ नव्हतं," नेरिस म्हणाली.
"हिशेबाच्या वह्या मी सगळ्या वाचल्यात.
खिळ्यांचासुद्धा खर्च मांडलाय. झोका नाही."
"मग कुणाचा?"
काठी पहिल्यांदाच जमिनीला टेकली.
"माहीत नाही रे."

माळ्याची पोरं असतील, धोबिणीची असतील,
मालक लंडनला गेल्यावर
कुणी शिडी धरली असेल,
कुणी फाटकावर नजर ठेवली असेल.
कडी हातोहात फिरली. गार, अंगठ्याएवढी जाड.
श्रूस्बरीच्या गृहस्थाने जरा जास्तच वेळ धरली.
एम्लिनने परत घेतली नाही,
रिकामा रुमाल मात्र नीट घडी करून ठेवला.

मग पाऊस आला. बातमी नव्हे.
पंधरा नंबरकडे जाताना छत्र्या उघडल्या.
नेरिस पुढे, मॅपलबद्दल काहीतरी सांगत,
आणि तिच्या रेनकोटाचा उजवा खिसा
जड होऊन लोंबणारा,
प्रत्येक पावलागणिक
थोडा पुढे,
थोडा मागे.